पंडुमाचा वाटा

फाटकाची कडी वाजली आणि रुखमाच्या हातातलं सूप तसंच अधांतरी राहिलं.

"रिना, आत जा… नाई, थांब, इथीच बस. पुस्तक घे हातात. नाई, पुस्तक नको… झाडू घे!"

एका दमात इतके हुकूम ऐकून रिना बिचारी अंगणाच्या मधोमध उभीच राहिली, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात झाडू. रुखमानं पदर सारखा केला, कपाळावरचा घाम टिपला, फाटकाकडे पाहिलं… शेजारच्यांचा बोकड कडीला शिंगं घासत होता.

रुखमा मटकन खाली बसली. गेले कितीतरी दिवस असंच चाललं होतं. कडी वाजली की तिच्या काळजाचं पाणी व्हायचं, कारण शाळेची मॅडम घर बघायला येणार होती, आणि कधी येणार ते सांगून येणार नव्हती.

मूल गावातल्या त्या शाळेत नववीच्या जागा मोजक्या. त्या आधी शाळेच्या हद्दीत राहणाऱ्या मुलांना मिळायच्या, उरल्याच तर बाकीच्यांना. आणि उरत कधीच नव्हत्या. मागच्या वर्षी लोकांनी काका, मावश्या, घरमालक, सगळ्यांचे पत्ते उसने आणले, तेव्हा यंदा शाळेनं कान टवकारले होते. नातेवाइकाकडचं मूल असेल तर आईबापानं ते खरंच त्या घरी दिलं आहे, तिथंच ते जेवतं-झोपतं, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय जागा द्यायची नाही असं ठरलं होतं.

रिना रुखमाच्या भावाची, चैतूची मुलगी. तिचं गाव कोसंबटोला, जंगलाच्या पोटात, हद्दीच्या कितीतरी बाहेर. टोल्यात शाळा आठवीपर्यंत. नववीपासून टोल्याच्या वाट्याला जी शाळा आली होती ती जंगलापलीकडे. ज्यानं कुणी नकाशावर रेघ ओढली त्याला ती जवळच दिसली असणार! पण त्या रेघेवर वाघाचा वावर आहे हे नकाशात कुठं दिसतं? मोहफुलाच्या हंगामात टोल्यातली एक बाई भल्या पहाटे त्या वाटेला फुलं वेचायला गेली. लोकांना तिची टोपली सापडली, फुलं सांडलेली… बाकी जे सापडलं त्याबद्दल टोल्यात कोणी बोलत नाही. तेव्हापासून एकाही पोरीला त्या वाटेनं शाळेत धाडायची कोणाची छाती झाली नाही. आश्रमशाळेत विचारून झालं होतं, तिथं जागा नव्हती. आठवीत पहिली आलेली रिना घरी बसणार, नाहीतर त्या वाटेनं जाणार, एवढंच उरलं होतं.

म्हणून तर बुधरी आली होती. बुधरी म्हणजे चैतूची बायको, रुखमाची वहिनी. लेकीचा हात धरून भर उन्हात ती या फाटकात उभी राहिली, तेव्हा रुखमाला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना! रुखमानं धम्मदीपशी लग्न केलं, गोंडाची पोर बौद्ध घरात गेली, त्या दिवशी चैतूनं टोल्यात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, जो रुखमाच्या घरचं पाणी पिईल त्यानं माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नये. तो शब्द त्यानं पाळला. आई गेली तेव्हासुद्धा रुखमाला निरोप आला नाही. राईस मिलमध्ये काम करणाऱ्या धम्मदीपला तांदूळ घ्यायला आलेल्या कोणाकडून तरी कळलं, तोवर माती होऊन गेली होती. रुखमाचा मुलगा सुरज मोठा झाला, कामाला पुण्याला गेला, पण मामाचं तोंड त्यानं अजून पाहिलेलं नाही.

त्या दिवशी बुधरी ओसरीवर टेकली. घसा कोरडा पडलेला. रुखमानं तांब्या पुढं ठेवला आणि स्वतःच चरकून मागे सरली. बुधरी तांब्याकडे बघत राहिली. मग तिनं तो उचलला आणि घटाघटा रिकामा केला.

"बाई, पोरगी तुमची," ती म्हणाली. "त्याईले मी सांगतलं, रिना माह्या माहेरी गेली. त्याईले समजलं तर मले घरात घेणार नाई… नाई घेतलं तर नाई. वाघाच्या तोंडी देण्यापरीस तुमच्या हाती देते."

रुखमाच्या अंतःकरणात काय काय दाटून आलं! इतक्या वर्षांचा अपमान, आईचं न पाहिलेलं शेवटचं तोंड… 'तवा कुठी होता तुमी सगळे?' असं विचारायला जीभ वळली होती. पण पोरीनं आईचा पदर मुठीत इतका घट्ट धरला होता की तिची नखं पांढरी पडली होती. रुखमानं ती मूठ हळूच सोडवून आपल्या हातात घेतली.

आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन तिनं सांगून टाकलं, "भावानं पोरगी मले देल्ली." धम्मदीपला हे पटलं नव्हतं. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस, रात्री ताटावर बसून म्हणाला, "देल्ली तर नाई ना त्यानं, रुखमा." ती म्हणाली, "माहीत हाय मले." आणि त्याच्या ताटात भात वाढला.

तेव्हापासून रुखमाच्या मानेवर दोन सुऱ्या होत्या. पोरगी या घरची नाही हे शाळेला कळेल ही एक, आणि पोरगी या घरात आहे हे चैतूला कळेल ही दुसरी. चैतूचा राग तिला ठाऊक होता. तो आला तर पोरीला फरफटत नेईल, बुधरीला घराबाहेर काढेल, आणि जून लागला की रिना त्या वाटेला लागेल… याच्या पुढचा विचार तिला करवत नसे. मग उगाच उठून रिनाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायची.

रिनाही भेदरलेलीच होती. परसात जायचं तरी मोठ्यानं खाकरत, हातातली काठी आपटत जायची. जनावर दूर पळावं म्हणून टोल्यात पोरींना तसंच शिकवतात. इथं मूलच्या वस्तीत ते बघून शेजारच्या बाया हसायच्या. रुखमाला मात्र हसू येत नसे. तीही लहानपणी अशीच खाकरत चालायची.

मॅडम आली तेव्हा नेमकी कडी वाजलीच नाही! भर दुपारी. वीज गेल्यामुळे मिल बंद होती, धम्मदीप घरीच होता. सावळी, ठेंगणी, डोक्यावरून ओढणी घेतलेली बाई, "मी स्वाती, शाळेतून आले" म्हणत सरळ ओसरीवर येऊन बसली. रुखमा नुसती पदर सारखा करत राहिली. धम्मदीपनंच नमस्कार केला, खाट पुढं ओढली.

मॅडमनं सगळं नीट पाहिलं. दोरीवर वाळणारा पोरीचा फ्रॉक, सुरजच्या खाटेवर तिची घडी केलेली गोधडी, खिळ्याला टांगलेलं दप्तर. रिनाला विचारलं, रात्री कुठं झोपतेस, सकाळी काय खातेस. रिनानं नीट सांगितलं. खोटं सांगायचं नव्हतंच त्यात काही. रुखमाचा श्वास जरा खाली बसला. मॅडम हसली सुद्धा. "छान आहे हो तुमच्या घरी. आंबा पण किती लागलाय!"

अंगणातला आंबा खरंच लगडला होता. पाहुण्याला उन्हाचं काय द्यायचं, तर धम्मदीपनं कैऱ्या उकडून ठेवल्या होत्या. त्यानं पन्ह्याचे पेले आणले, एक मॅडमला दिला, एक मायेनं रिनापुढं धरला. "घे बेटा, सकाळपासून उन्हात हायेस."

रिनानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"आंबट आवडत नाही का गं?" मॅडमनं विचारलं.

"आवडते," रिना म्हणाली. पोरीला खोटं बोलता येत नव्हतं, आणि हे खोटं तिला कोणी शिकवलंही नव्हतं. "पण आमचा पंडुम व्हायचा हाय."

सगळं पढवलं होतं रुखमानं. आत्याला काय म्हणायचं, आईबद्दल काय सांगायचं, सगळं! आणि हेच राहून गेलं… राहून गेलं, कारण ते तिच्या इतकं रक्तात होतं की ते सांगायची गोष्ट आहे हेच तिच्या ध्यानात आलं नाही. नवा आंबा आधी गावाच्या देवाला दाखवायचा, गावचा पुजारी, भुमक, पूजा करणार, घरोघर वाटा जाणार, मगच आंबा तोंडाला लावायचा. तो दिवस म्हणजे पंडुम.

मॅडमनं पेला खाली ठेवला. तिचं हसू मावळलं होतं. "कोणत्या गावचा पंडुम, बाळा?"

"कोसंबटोल्याचा."

"मीही गोंडाचीच, सूरजागडच्या डोंगरपायथ्याची," मॅडम हळू आवाजात म्हणाली, रिनाला नव्हे, रुखमाला. "ज्या घरी मूल दिलं, त्या घरासोबत ते नवं खातं. ही अजून तिकडच्या देवाची वाट बघतेय. म्हणजे हिला कोणी दिलेलं नाही. आणून ठेवलंय फक्त."

रिनाला काय बिघडलं ते कळलं आणि ती रडायला लागली. "मॅडम, आधी खाल्ला तर घरच्या माणसाच्या वाटेवर वाघ येते. बाबा रोज त्याच वाटेनं तेंदूपत्त्याले जाते… म्हणून नाई खाल्ला. दुसरं काई नाई. मी इथीच राह्यते मॅडम, खरंच राह्यते…"

रुखमा पुढं झाली, मॅडमच्या पायाशी बसली.

"खोटं माहं हाय, पोरीचं नाई. भावानं देल्ली नाई. त्याले तर माहीतच नाई. पण मॅडम, त्या वाटेनं कशी धाडू हिले? तुमी सांगा… तुमी रानातल्या हाय ना, तुमीच सांगा!"

बोलला तो धम्मदीप. भिंतीला टेकून उभा राहिलेला तो भला माणूस घसा साफ करत म्हणाला, "एक सांगू का मॅडम? ही पोरगी एकटी नाई. रुखमा पण आंबा खात नाई. लग्न होऊन आली तवापासून. ते झाड आमी दोघांनी लावलं. दरसाल लागते, ही सगळा आंबा वाटून टाकते. एक फोड तोंडात घालत नाई. मी आधी आधी लय म्हणायचो, मग म्हणणं सोडलं."

मॅडमनं रुखमाकडे पाहिलं. "तुम्ही कोणत्या गावच्या पंडुमाची वाट बघता?"

"त्याच," रुखमा म्हणाली.

"मग तुम्हाला वाटा कोण आणून देतं?"

"कोणी नाई."

फाटकाची कडी वाजली.

या वेळी रुखमानं मान वर केली नाही. बोकड असेल. पण रिनाच्या तोंडून एक अस्फुट शब्द निघाला, "बाबा…" आणि रुखमानं झटकन वळून पाहिलं.

फाटकात चैतू उभा होता. केस पिकले होते, गाल आत गेले होते, पण उभं राहायची ढब तीच. खांद्यावर गमछा, हातात पळसाच्या पानांचा द्रोण, वरून दुसऱ्या पानानं झाकलेला. तो किती वेळ तिथं उभा होता, कुणालाच सांगता आलं नसतं.

रुखमा धडपडत उठली आणि रिनाच्या पुढं दोन्ही हात पसरून उभी राहिली. "दादा, मारायचं असन तर मले मार. वैनीले काई म्हणू नको. पोरीले नेऊ नको दादा, ती वाट चांगली नाई… मी पाया पडते तुह्या."

चैतू जवळ आला. रुखमानं डोळे मिटून घेतले.

"आंबा नाई खाल्ला तू?" त्यानं विचारलं.

"नाई."

"इतक्या सालात?"

"वाटा नाई आला, दादा."

चैतू तिथंच, अंगणातल्या तापलेल्या मातीवर बसला. त्याला रागावता येत होतं, शब्द पाळता येत होता, पण याला काय करायचं हे त्याला येत नव्हतं. बहीण देव सोडून गेली म्हणून त्यानं तिला सोडलं होतं. आणि ती इथं, भरल्या झाडाखाली बसून, दरसाल त्याची वाट बघत होती… त्याच्या वाटेवर वाघ येऊ नये म्हणून! ही एक पोर आज त्याच्यासाठी उपाशी होती, आणि एक पोर तर कधीपासून.

"आज सकाळी झाला पंडुम," तो द्रोणाकडे बघत म्हणाला. "रिनाचा वाटा बाजूले काढला. म्हटलं, नेऊन देतो तिच्या मामाकडे. तं बुधरी रडाले लागली. सांगतलं तिनं सगळं. मी येतच होतो पोरीले न्याले."

मॅडम उठून उभी राहिली होती. "तुम्ही हिचे वडील?"

रुखमा भावाच्या तोंडाकडे बघत राहिली. एक 'हो', आणि सगळं संपणार होतं. त्याचा तो हक्क होता. पोरगी त्याची होती.

चैतूनं लेकीकडे पाहिलं. रिनानं एका हातानं आत्याचा पदर धरला होता.

"मी हिचा भाऊ," तो रुखमाकडे बोट करत म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून निघायला अख्खं आयुष्य गेलं होतं, आणि निघाले तेव्हा अगदी साधे निघाले. "पोरगी हिची हाय. मी देल्ली हिले."

"कधी दिली?"

खोटं त्यालाही येत नव्हतं. "आता देल्ली. तुमच्यासमोर."

"बाबा!" रिनाचा हुंदका फुटला. तो तिच्याकडे न बघता मॅडमशीच बोलत राहिला. "आमच्यात देल्लेलं वापस घेत नाई, मॅडम. पंच बसवाचे असन तर बसवतो."

मॅडमनं डोळ्यांना ओढणी लावली, मग पुन्हा मॅडम झाली. "नको पंच. मूल या घरी दिलं आहे, इथंच राहतं, असं मी कळवते. जागा मिळेल. पण ऐकून ठेवा. वर्षभरात मी कधीही येईन, सकाळी, संध्याकाळी. पोरगी सुट्टी सोडून तिकडं सापडली तर जागा गेली. मग मलाही काही करता येणार नाही."

"नाई सापडणार," चैतू म्हणाला. त्याचा आवाज त्या दोन शब्दांत दोनदा फाटला. बुधरीला जाऊन हे सांगायचं होतं त्याला.

मॅडम गेली. मग चैतू म्हणाला, "रुखमे, पाणी दे."

रुखमा आत गेली. तांब्या भरताना अर्धं पाणी जमिनीवर सांडलं. चैतूनं तांब्या दोन्ही हातांनी धरला, सगळं पाणी प्याला, आणि रिकामा तांब्या धम्मदीपच्या हातात देत म्हणाला, "जवाई, बसा ना. तुमचंच घर हाय." धम्मदीप हसला आणि बसला.

द्रोणात कैरीच्या फोडी होत्या, मिठात घोळलेल्या, वाटेत सुकून गेलेल्या. चैतूनं पहिली फोड उचलली, रुखमाच्या तोंडापाशी नेली. "वाटा एकच आणला. तुह्या नावानं काढाचं सुचलंच नाई कधी… एवढ्या सालात." रुखमानं फोड दातांखाली धरली. आंबटानं कानशिलं झणझणली, डोळे मिटले गेले, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांतून जे वाहायला लागलं ते थांबेचना! दुसरी फोड रिनाला. रिना बापाच्या गळ्यात पडून खात होती, रडत होती, आणि तो तिच्या केसांवरून हात फिरवत तेच तेच म्हणत होता, "शिक. आत्यापाशी राह्य. शिक."

ऊन उतरलं तसा तो उठला. रुखमानं राहायचा आग्रह केला, पण बुधरी एकटी होती, तिला काय झालं ते माहीत नव्हतं. त्यानं मोटरसायकलला किक मारली. आणि एकाएकी रुखमाच्या ध्यानात आलं की टोल्यात शिरायचं तर शेवटचा टप्पा त्याच वाटेचा. पोरगी त्या वाटेतून सुटली होती. भाऊ नव्हता सुटला.

"पोचला की फोन लावजो," ती म्हणाली. तिच्याकडे त्याचा नंबर नव्हता. इतक्या वर्षांत भावाचा नंबर नव्हता तिच्याकडे! रिनानं तो पाठ म्हणून दाखवला, आत्याचा बापाला सांगितला.

"मिस कॉल देतो," म्हणून चैतू गेला.

दिवस मावळला. रुखमा फोन पदरात घेऊन उंबऱ्यावर बसली. जेवण झाकून ठेवलं होतं, कोणालाच घास उतरणार नव्हता. धम्मदीप आत-बाहेर करत होता. रिना आत्याच्या मांडीला टेकून बसली होती. आजवर रुखमा फाटकाला भीत होती, आता फोनला भ्यायला लागली… तो वाजेल म्हणून नव्हे, वाजणार नाही म्हणून. मनातल्या मनात ती वाटेवरचं एकेक झाड, एकेक वळण मागे टाकत भावासोबत चालली होती. नाल्यापाशी आला असेल. मोहाच्या झाडांपाशी आला असेल. तिथं तिचं मन पुढं जायला तयारच होईना.

फोन वाजला. एकदाच वाजला, आणि बंद झाला.

रिनानं आत्याच्या मांडीत तोंड खुपसलं. धम्मदीपनं "पोचला" म्हटलं आणि कडी लावायला फाटकाकडे गेला. रुखमा ताटं वाढायला उठणार, तोच फोन पुन्हा वाजायला लागला. या वेळी तो वाजतच राहिला. तिनं तो कानाला लावला. पलीकडे बुधरीच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजाच्या अलीकडे चैतूचा श्वास.

"रुखमे," तो म्हणाला, "जेवली का?"

"नाई, दादा," रुखमा म्हणाली. "आता जेवतो आमी."